दगड उचलण्याआधीचे दिवस

मागच्या अंकात मी 'ॲडॉलेसन्स' या ब्रिटिश मालिकेविषयी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ अशा ठिकाणांहून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे असे संपादकांनी आणि मी ठरवले. शाळेतली हिंसा आणि वयात येणाऱ्या मुलांची घुसमट सिनेमा कशी दाखवतो, आणि ती दाखवावी की नाही, हा बहुतेक पत्रांमागचा प्रश्न आहे. ठाण्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे आठवी-नववीच्या वर्गांवर गेली, त्यामुळे उत्तरांत पडद्यावरची मुले आणि माझ्या वर्गातली मुले मधूनमधून एकमेकांत मिसळतील. ते वाचकांनी चालवून घ्यावे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

माझा मुलगा नववीत आहे. तुम्ही लिहिलेली ती मालिका त्याने रात्री पांघरुणात मोबाइलवर चोरून पाहिली. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो, असले काही त्याने पाहावे हे मला सहन झाले नाही. मी खूप ओरडले आणि मोबाइलमधून ते ॲपच काढून टाकले. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. माझे चुकले का? — एक आई, नेरुळ

आपण घाबरलात यात चूक काहीच नाही. तो विषय घाबरवणाराच आहे. मात्र ॲप काढून टाकण्याआधी त्याला एक गोष्ट विचारायची राहून गेली, ती ही की त्या चार भागांतला कोणता भाग त्याने दोनदा पाहिला.

मालिका मार्च २०२५ मध्ये आली. तिचे चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग कुठेही न तोडता एकाच सलग चित्रणात घेतलेला आहे. पहिल्या भागात पोलिस पहाटे दार फोडून घरात शिरतात आणि पलंगावरच्या मुलाची भीतीने पँट ओली होते. आपल्याला वाटते की पुढे आता खून कसा झाला ते दाखवतील. तसे होत नाही. दुसऱ्या भागात तपास अधिकारी शाळेत येतो. त्या मुलीने आरोपी मुलाच्या इन्स्टाग्रामवर टाकलेली छोटी छोटी चिन्हे त्याला मैत्रीची वाटत असतात. त्याच शाळेत शिकणारा त्याचा स्वतःचा मुलगा अखेर वडिलांना बाजूला घेतो आणि, काहीशा शरमेने, ती चिन्हे मैत्रीची नसून टोमण्याची आहेत हे त्यांना समजावून सांगतो. अनुभवी पोलिस अधिकारी आपल्याच मुलासमोर पहिलीतल्या विद्यार्थ्यासारखा उभा असतो. तो प्रसंग पाहताना मला माझी स्वतःची लाज वाटली, कारण वर्गात बाकांखालून फिरणाऱ्या चिठ्ठ्या मी कित्येक वर्षे जप्त केल्या, पण त्यांतली भाषा मला वाचता येते का, हे कधी तपासून पाहिले नाही.

तिसरा भाग जवळजवळ पूर्णपणे एका खोलीत घडतो. एक मानसशास्त्रज्ञ बाई आणि तो मुलगा समोरासमोर बसलेले असतात. मुलगा हसतो, लाडात येतो, अचानक उसळतो, पुन्हा लहान होतो. ती बाई मनातून हादरते, पण त्याचे ऐकणे सोडत नाही. हे पाहताना मला फ्रान्स्वा त्रुफो यांचा १९५९ चा 'द फोर हंड्रेड ब्लोज' आठवला. त्यातला अंत्वान हा मुलगा शाळेत खोटे बोलतो, टाइपरायटर चोरतो आणि परत ठेवायला जाताना पकडला जातो, आणि सुधारगृहात पोहोचल्यावर तिथली मानसशास्त्रज्ञ त्याला प्रश्न विचारते. तिचा फक्त आवाज ऐकू येतो. ती पडद्यावर दिसतच नाही. कॅमेरा पूर्ण वेळ मुलाच्या चेहऱ्यावर राहतो, आणि घरातले जे कोणी कधी विचारले नव्हते ते तो खांदे उडवत सांगत जातो. या दोन प्रसंगांमध्ये ६६ वर्षांचे अंतर आहे, देश वेगळे आहेत, गुन्ह्यांची तर तुलनाच नको. तरीही दोन्हीकडे सिनेमाने तेच केले आहे, मुलासमोर ऐकणारे माणूस बसवले आहे.

म्हणून माझी विनंती अशी की ॲप परत घ्या आणि एखाद्या रविवारी दुपारी, मोठ्या पडद्यावर, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, त्याच्याबरोबर तिसरा आणि चौथा भाग पाहा. संपल्यावर लगेच 'यातून काय शिकलास' असे विचारू नका. चहा करा. 'ती चिन्हे तुमच्या वर्गात वापरतात का रे' एवढाच प्रश्न पुरेसा आहे, आणि तो उत्तर देताना हसला, तरी आपण हसू नका.

आमच्या लहानपणी 'श्यामची आई' दाखवत. आज पडद्यावर शाळेतली मुले चाकू-पिस्तुले घेऊन फिरतात आणि मग तीच मुले रस्त्यावर तसे वागतात. असल्या सिनेमांवर सरसकट बंदी का नको? — एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

आजोबा, आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या त्या चित्रपटावर माझेही प्रेम आहे. तरीही साने गुरुजींच्या पुस्तकातला पोहण्याचा प्रसंग आपण पुन्हा वाचावा. श्याम विहिरीवर जायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला शिंपटीने मारत मारत बाहेर काढते. मग ती त्याच्या अंगावरचे वळही पाहते आणि तिचे डोळे भरून येतात. आपल्या अत्यंत पवित्र मानलेल्या पुस्तकात लहान मुलाला दिलेला मार आहे, आणि गुरुजींची थोरवी अशी की त्यांनी तो लपवला नाही व मारणाऱ्या हाताचे दुःखही लपवले नाही. म्हणजे जुन्या काळी मुलांच्या वाट्याला हिंसा नव्हती असे म्हणता येत नाही. छडी, अंगठे धरून उभे राहणे, भर वर्गात आईबापांचा उद्धार, हे सगळे आपण शिस्त या नावाखाली जमा करत आलो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

सिनेमाने मुले बिघडतात ही तक्रारही नवी नाही. अमेरिकेत १९५५ साली 'ब्लॅकबोर्ड जंगल' आणि 'रिबेल विदाउट अ कॉज' हे दोन चित्रपट एकाच वर्षी आले, तेव्हा तिथल्या पालकांनी जवळजवळ आपल्याच शब्दांत चिंता व्यक्त केली होती. त्याहून आधी, १९३३ मध्ये, फ्रान्समध्ये झाँ व्हिगो यांच्या 'झीरो फॉर कंडक्ट' या छोट्या चित्रपटावर बंदी आली आणि ती दुसरे महायुद्ध संपेपर्यंत उठली नाही. त्यात वसतिगृहातली मुले उशा फोडतात, पिसे उडवतात आणि शेवटी छपरावर चढून खालच्या पाहुण्यांवर जुन्या वस्तू फेकतात. कोणाचा जीव जात नाही. गुरुजनांना मुले हसली, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांना सहन झाले नाही. बंदीचा बडगा पुष्कळदा हिंसेवर न पडता उद्धटपणावर पडतो, म्हणून मला तिची धास्ती वाटते.

असे असले तरी आपली काळजी मी झटकून टाकणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांनी वर्गात बंदूक घेऊन शिरणाऱ्या मुलावर 'रेज' नावाची कादंबरी टोपणनावाने लिहिली होती. शाळांतल्या गोळीबाराच्या काही घटनांमध्ये ती हल्ला करणाऱ्या मुलांच्या वाचनात असल्याचे समोर आले, तेव्हा त्यांनी स्वतः होऊन ते पुस्तक छापणे थांबवायला लावले. पुस्तकाने त्या मुलांना खुनी बनवले असे त्यांचे म्हणणे नव्हते. आधीच पेटलेल्या ठिकाणी ते तेलाचे काम करू शकते, एवढे त्यांनी मान्य केले. 'थर्टीन रीझन्स व्हाय' या २०१७ च्या मालिकेतले नायिकेच्या आत्महत्येचे दृश्यही निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घेऊन २०१९ मध्ये काढून टाकले. ही दोन्ही उदाहरणे मला बंदीपेक्षा मोलाची वाटतात, कारण दोन्हीकडे काम करणाऱ्यांनीच आपल्या कामाची जबाबदारी घेतली. मुलाच्या मनातला अंधार दाखवावा, परंतु त्या अंधारात जाण्याची वाट पावलापावलाने आखून देऊ नये, ही सीमारेषा दिग्दर्शकाला कळली पाहिजे, आणि प्रेक्षक म्हणून आपल्यालाही.

आम्ही मित्रांनी गस व्हॅन सँट यांचा 'एलिफंट' पाहिला. ८१ मिनिटांतला बराच वेळ मुले शाळेच्या बोळांतून नुसती चालतात, मग गोळीबार होतो आणि चित्रपट संपतो. कारण सांगितलेलेच नाही. इतक्या गंभीर विषयात दिग्दर्शकाने जबाबदारी टाळली असे मला वाटले. मग याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार का मिळाला? — चित्रपटाचा विद्यार्थी, ऐरोली

तुमचा राग मला ओळखीचा आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही अशीच चिडले होते.

या चित्रपटामागे २० एप्रिल १९९९ या दिवशी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, कोलंबाइन हायस्कूलमध्ये घडलेली घटना आहे. शाळेतल्याच दोन मुलांनी त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला आणि मग स्वतःचाही. त्या दोघांची नावे मी लिहीत नाही, कारण नाव अजरामर व्हावे ही अशा मुलांची एक ओढ असते आणि ती आपण पुरवू नये. दुसऱ्या दिवसापासून कारणांचा बाजार भरला. कोणी व्हिडिओ गेमवर बोट ठेवले, कोणी विशिष्ट गाण्यांवर, कोणी काळ्या लांब कोटांवर, तर कोणी छळाचा सूड म्हटले. पुढे वर्षानुवर्षे तपासाची कागदपत्रे बाहेर येत गेली, तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी अर्धवट किंवा साफ चुकीच्या ठरल्या. ती मुले एकलकोंडी नव्हती, त्यांना मित्र होते, त्यातला एक तर तीनच दिवस आधी शाळेच्या नृत्यसमारंभाला मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात गेला होता. गोळीबार हा मूळ बेतही नव्हता. उपाहारगृहात ठेवलेले बॉम्ब फुटले नाहीत, नाहीतर मृतांचा आकडा शेकड्यांत गेला असता. 'सतावलेल्या मुलांनी सूड घेतला' ही सुटसुटीत गोष्ट तिथे बसत नव्हती, आणि तरीही जगभर तीच सांगितली गेली.

व्हॅन सँट यांचा चित्रपट २००३ चा आहे, म्हणजे घटना ताजी होती आणि कारणांचा बाजार अजून उठला नव्हता. त्यांनी काय केले ते पाहा. ती सगळी लोकप्रिय कारणे चित्रपटात आहेत. हल्ला करणारा मुलगा वर्गात सतावला जातो, मुले बंदुकीचा व्हिडिओ गेम खेळतात, टीव्हीवर हिटलरविषयीचा माहितीपट चालू असतो, बंदूक घरपोच येते. एकाही कारणावर कॅमेरा थांबत नाही, 'हे बघा, सापडले' असे म्हणत नाही. नावाची कथाही लक्षात घ्या. ॲलन क्लार्क यांनी १९८९ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या हत्यांवर बीबीसीसाठी याच नावाची छोटी फिल्म केली होती, तिथून ते नाव उचललेले आहे. दिवाणखान्यात हत्ती उभा आहे आणि घरातले कोणी त्याच्याविषयी बोलत नाही, असा तिथला संदर्भ होता. व्हॅन सँट यांच्या मनात मात्र आपल्या ओळखीची हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट होती: कोणाच्या हाती शेपूट, कोणाच्या हाती सोंड, आणि प्रत्येकाला वाटते की हत्ती आपल्याला कळला.

आता तो बोळातला क्षण आठवा. एक मुलगा हातात कॅमेरा घेऊन येतो, समोरून सोनेरी केसांचा जॉन येतो, दोघे थांबतात, एक छायाचित्र काढले जाते, बाजूने चष्मा लावलेली एक मुलगी पळत जाते. एवढेच. पण हा क्षण चित्रपटात तीनदा येतो, एकदा छायाचित्र काढणाऱ्याच्या बाजूने, एकदा जॉनच्या, एकदा त्या मुलीच्या. जॉनच्या मागे चालत आलो असू तर आपल्याला माहीत असते की दारू प्यायलेल्या वडिलांच्या हातून गाडीच्या किल्ल्या काढून घेऊन तो शाळेत पोहोचला आहे, आणि रिकाम्या खोलीत रडून आला आहे. मुलीच्या मागे चालत आलो असू तर व्यायामाच्या तासाला अर्धी पँट घालत नाही म्हणून तिला बोलणी बसली आहेत, हे माहीत असते. त्या तिघांना मात्र एकमेकांचे यातले काहीच माहीत नसते.

मी नववी 'ड' ची वर्गशिक्षिका असताना माझ्या वर्गातल्या एका शांत मुलाने शेजारच्याच्या तळहातात कर्कटक खुपसले होते. टोक चांगले अर्धा इंच आत गेले होते, वहीवर रक्ताचे थेंब पडले होते, आणि मी 'का केलंस' असे विचारल्यावर तो फक्त 'असंच' म्हणाला. दहा मिनिटांत चौकशी आटोपली, आठवडाभर घरी बसवले, शेऱ्यांच्या वहीत 'आक्रमक' असा शब्द मी माझ्या हाताने लिहिला. पुढे काही वर्षांनी त्याच वर्गातली एक मुलगी मला ठाणे स्टेशनबाहेर भेटली आणि बोलता बोलता सांगून गेली की त्या सबंध सहामाहीत, तो सुकटीचा डबा उघडू लागला की पुढचे चार बाक नाकाला रुमाल लावायचे, आणि आठवड्यातून एकदा तरी त्याचा डबा कचऱ्याच्या पेटीत सापडायचा. मधल्या सुट्टीत तो पाण्याच्या टाकीमागे एकटा जेवत असे, हे मी रोज पाहिले होते. त्याला एकांत आवडतो असे मला वाटत होते. मी त्या बोळातून एकाच बाजूने चालले होते.

कारण न सांगणे म्हणजे जबाबदारी टाळणे, हा तुमचा आक्षेप मी अजूनही पूर्ण खोडून काढणार नाही. ज्यांची मुले गेली त्या पालकांना या चित्रपटाने काय दिले असेल, हा प्रश्न माझ्याही मनात उरतोच. तरीही या चित्रपटाने मला त्या मुलाच्या आधीच्या सहा महिन्यांकडे परत पाठवले, आणि कारण सांगून मोकळ्या होणाऱ्या कोणत्याही चित्रपटाने ते केले नव्हते. जमल्यास मायकेल मूर यांचा २००२ चा 'बोलिंग फॉर कोलंबाइन' हा माहितीपटही जोडीला पाहा. ज्या गायकाच्या गाण्यांवर सगळा देश खापर फोडत होता, त्याला मूर विचारतात की त्या मुलांना भेटला असतास तर काय सांगितले असतेस. मी काही सांगितले नसते, त्यांचे ऐकले असते, तेच कोणी केले नाही, अशा आशयाचे तो बोलतो. अख्ख्या माहितीपटातले सर्वांत शहाणे वाक्य लोकांनी आरोपी ठरवलेल्या माणसाच्या तोंडून यावे, याचे मला आजही वाईट वाटते.

मी कळव्याच्या एका शाळेत शिकवते. नववीला या विषयावर चित्रपट दाखवायचा आहे, पण अमेरिकेतल्या बंदुका आमच्या मुलांना परक्या वाटतील. मराठीत काय दाखवता येईल? — शिक्षिका, कळवा

आपले निदान अचूक आहे. आपल्या शाळांतल्या हिंसेचे हत्यार बंदूक नसते. आडनाव, तुकडी, डबा, रंग, इंग्रजी न येणे, आणि हल्ली वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून कोणाला तरी काढून टाकणे, ही आपली हत्यारे आहेत, आणि मराठी सिनेमाने ती चांगली ओळखलेली आहेत.

सुरुवात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ' (२००२) पासून करा. हुशार मुलांची तुकडी आणि 'ढ' मुलांची तुकडी अशी शाळेनेच आखलेली रेघ, त्या रेघेवरून रोज होणारा अपमान, आणि मग एके दिवशी रागाच्या भरात 'फ' तुकडीच्या मुलांनी शाळेत केलेली मोडतोड. मला या चित्रपटाचा उत्तरार्ध फार आवडतो. अतुल कुलकर्णी यांनी केलेले शिक्षक त्या मुलांना पाठीशी घालत नाहीत आणि झोडपतही नाहीत. नुकसान झाले आहे, ते आपल्या कष्टाने भरून द्यायचे, असे सांगून ते मुलांना कामाला लावतात. हिंसेनंतर काय करायचे हे दाखवणारे चित्रपट जगातच थोडे आहेत.

'फँड्री' (२०१३) दाखवणार असाल तर एक तास जास्तीचा राखून ठेवा. नागराज मंजुळे यांनी त्यात जब्या या दलित शाळकरी मुलाच्या कुटुंबाला डुकरामागे धावायला लावले आहे, आणि डुक्कर हाताशी आलेले असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी सावधान उभे राहतात. पुढे ते डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर सावित्रीबाई आणि बाबासाहेबांची चित्रे दिसतात. जब्याला हसणाऱ्यांत त्याच्या वर्गातलीही मुले आहेत. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो सरळ आपल्या दिशेने येतो. मी एकदा आमच्या वर्गाला हा चित्रपट दाखवला तेव्हा दिवे लागल्यावर एक मुलगा म्हणाला, 'बाई, त्याने मारायला नको होतं.' मी वाद घातला नाही. दगड उचलण्याआधी जब्या किती वेळा गप्प बसला ते मोजून वहीत लिहायला सांगितले. मुलांनी घरी जाऊन चित्रपट पुन्हा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचेच आकडे जुळेनात, कारण गप्प बसणे कशाला म्हणायचे यावरच वाद झाला. तो वाद मी ३१ वर्षांत ऐकलेला सर्वांत चांगला वाद होता.

घरातल्या हिंसेसाठी विक्रमादित्य मोटवाने यांचा हिंदी 'उडान' (२०१०) आहे. स्वतःच्या मुलाकडून 'सर' म्हणवून घेणारा बाप त्यात आहे. तो मात्र मुलांना दाखवण्याआधी पालकसभेत दाखवा.

चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर आता 'यूए' पुढे आकडे दिसतात, त्यांचा अर्थ काय? — एक वडील, खारघर

सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन 'यूए' या गटाचे वयानुसार ७, १३ आणि १६ असे तीन भाग झाले आहेत. त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली चित्रपट पाहावा, असा त्याचा अर्थ आहे. 'ए' मात्र पूर्वीप्रमाणे फक्त प्रौढांसाठीच आहे. आकडा पाहून निर्णय सोपा होतो हे खरे, परंतु मार्गदर्शन करणारा पालक शेजारच्या खुर्चीत मोबाइल पाहत बसला, तर त्या आकड्याचा काही उपयोग होत नाही.

आमच्या भागातल्या शाळेत घडलेल्या एका मारहाणीवर आम्हाला वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे. खरी नावे वापरली तर परिणाम वाढेल असे वाटते. — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, घोडबंदर रोड

खरी नावे वापरू नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार मारणाऱ्या, मार खाणाऱ्या किंवा साक्षीदार असलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे, आणि ती मोडल्यास सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन लाखांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी ती मुले उद्या तुमच्याच रस्त्यावर मोठी होणार आहेत. घटना बदला, तुकडी बदला, मुलाची मुलगी करा. वीस मिनिटांतली मारहाणीला दोनच द्या आणि उरलेली अठरा तिच्या आधीच्या दिवसांना द्या. संहिता झाली की मला पाठवा, मी आनंदाने वाचेन.

बाई, मी नववीत आहे. माझे नाव छापू नका. सगळ्या सिनेमांत एक मारणारा असतो आणि एक मार खाणारा. आमच्या व्हॅनमध्ये एका मुलाला रोज त्रास देतात आणि मी नुसता खिडकीबाहेर बघत बसतो. माझ्यासारख्यावर कोणी सिनेमा काढला आहे का? — एक विद्यार्थी, कोपरखैरणे

काढला आहे, आणि तुझे पत्र वाचल्या वाचल्या मला तोच आठवला. हिरोकाझू कोरेएदा या जपानी दिग्दर्शकाचा 'मॉन्स्टर' हा २०२३ चा चित्रपट. त्याच्या पटकथेला त्या वर्षी कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. त्यात एकच हकीकत आधी आईच्या, मग शिक्षकांच्या आणि शेवटी मुलांच्या बाजूने सांगितली आहे. आईला वाटते शिक्षक दोषी आहेत, शिक्षकांना वाटते तिचा मुलगा, मिनातो, दोषी आहे. तिसऱ्या भागात आपल्याला कळते की वर्गात ज्या योरीला सगळे छळतात, तो मिनातोचा जिवाभावाचा मित्र आहे. शाळेबाहेर ते दोघे जुन्या रेल्वेच्या डब्यात बसून खेळतात, आणि वर्गात मात्र मिनातो त्याला ओळख देत नाही, कारण दिली तर आपलाही नंबर लागेल ही भीती त्याला असते. तो वाईट मुलगा नाही. त्याची भीती खरी आहे, आणि तुझीही खरी आहे.

आई-बाबांना सांगून त्यांच्याबरोबर हा चित्रपट पाहा. त्या मुलाला होणारा त्रास घरी किंवा वर्गशिक्षिकेला सांगणे म्हणजे चुगली नव्हे. मोठ्यांपैकी कोणी ऐकलेच नाही, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, आणि मन फार जड झाले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येते. दोन्ही फोनना पैसे पडत नाहीत. तुझे नाव छापलेले नाही, आणि ते कागदही मी जपून ठेवले आहेत.

व्हॅनवाल्या काकांना सांगून उद्या त्याच्या शेजारची जागा मागून बघ. पहिल्या दिवशी काही बोललास नाही तरी चालेल.